वीसपैकी बारा

रदेयेफ, ३ फेब्रुवारी १९८३

शादली मामा, सलाम.

आपल्या पुस्तकासाठी फ्रेंच-इंग्रजीतल्या फसव्या शब्दांच्या एकसष्ट ते ऐंशी नंबरच्या जोड्या सोबत आहेत. या खेपेला ‘लेक्चर’ घेतलंय. फ्रेंचमध्ये लेक्चर म्हणजे वाचन, म्हणून आपली माणसं इंग्रजीतही तसंच समजतात. परवा पाहुण्या आलेल्या इंग्रज बाईंना आमच्या हेडमास्तरांनी अभिमानानं सांगितलं, की माझी बायको रोज अंथरुणात पडल्या पडल्या तासभर लेक्चर करते. बाई म्हणाल्या, मग तुम्ही झोपता कधी? हेडमास्तरांना अजून कळलेलं नाही आम्ही का हसलो.

‘फोटोग्राफ’ही घेतलाय. आपल्याकडे फोटोग्राफ म्हणजे फोटो काढणारा माणूस, तिकडे नुसतं चित्र. वाक्य असं केलंय, की माझ्या वडिलांचा जगात एकच फोटोग्राफ आहे, खाणीच्या ओळखपत्रावरचा.

आता खरं काम. पाकिटात स्कॉटलंडच्या अध्यापक कॉलेजचा अर्ज आहे. वर्षभराचं शिक्षण, राहणं-जेवण त्यांचं. परत आले की कुठल्याही लिसेत, वरच्या वर्गांच्या शाळेत, इंग्रजी शिकवता येईल आणि या धुळीतून सुटका होईल. अर्जाच्या तिसऱ्या पानावर ज्यानं इंग्रजी शिकवलं त्यानं गुण द्यायचे आणि सही करायची. नऊ वर्षं तुम्ही मला टपालानं शिकवलंत, माझं दुसरं कोण आहे? त्यांची अट पंचविसाच्या आतली आहे. ऑक्टोबरात मला सव्वीसावं लागतं, म्हणजे हे वर्ष गेलं की गेलं. मामा, हे एकच मागणं आहे.

आई सलाम सांगते. तुम्ही तिला उत्तर देत नाही, तरी सांगते.

तुमची,
नजीबा

*

स्फाक्स, १६ फेब्रुवारी १९८३

नजीबा,

तुझं पत्र शेजारच्या लेला सालिहानं वाचून दाखवलं आणि हेही तिच्याच हातचं आहे. लाल शाईच्या खुणा का नाहीत म्हणून विचारशील. साखरेनं डावा डोळा नेलाच होता, उजव्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ही बातमी तुझ्या आईला देऊ नकोस, तिला बरं वाटेल.

सालिहा फ्रेंच चांगलं वाचते. इंग्रजी मात्र असं वाचते, की मला दाढ उपटल्यासारखं होतं. तेव्हा पुस्तकाचं इंग्रजी यापुढे सगळं तुझ्या डोळ्यांवर. मोठा मान दिलाय असं समजून शेफारू नकोस, दुसरं कुणी मिळत नाही म्हणून दिलाय.

ओळखपत्राचं वाक्य मी काढून टाकलं. मी लिसेतल्या मुलांसाठी पुस्तक करतोय, खाणकामगारांच्या खोकल्यासाठी नाही. तिथे मिस्टर ब्राउन आपल्या बागेतल्या गुलाबांचा फोटोग्राफ पाहत आहेत असं घाल. हेडमास्तरांचा किस्सा ठेवतो. तो माझ्या नावावर घालू, तुझा हेडमास्तर ओळखीचा निघायला नको.

अर्ज भरला. सालिहानं माझं बोट धरून कागदावर जागा दाखवली आणि आकडा मी स्वतः काढला. वीसपैकी बारा. एकतीस वर्षांच्या नोकरीत बारा मी चौघांना दिलेत. त्यातले तिघे मंत्रालयात बसतात. तू पाचवी, आणि चौघांहून कच्ची, पण दिले.

तुझी आईही एकदा अशीच मोठ्या दिमाखात घर सोडून निघाली होती. पोहोचली कुठे, तर रदेयेफला.

शादली काम्मून

*

रदेयेफ, २७ फेब्रुवारी १९८३

मामा,

बारा! मी पत्र दोनदा वाचलं, मग आईला वाचायला दिलं, मग पुन्हा हातातून ओढून घेतलं. मला वाटलं होतं तुम्ही नऊ द्याल. दहाची आशा होती, अकराचं धाडस नव्हतं. बाबांनी चहाच्या दुकानात सगळ्यांना सांगितलं, की शादली काम्मूननं माझ्या पोरीला बारा दिले. बाबांना इंग्रजीतला ‘हो’सुद्धा येत नाही, पण तुमचे बारा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. तुमच्या हाताखाली शिकलेला एक इंजिनियर इथे आहे. तो म्हणाला, मला त्यांनी सात दिले होते आणि वर म्हणाले होते, दया केली.

आईनं खजूर घालून कुसकुसचा गोड मसफूफ केला आणि अख्ख्या गल्लीत वाटला. वाटताना रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, कुसकुस वाफवताना वाफ डोळ्यांत गेली.

अर्ज रजिस्टर्ड केला. मिस्टर ब्राउनना गुलाबांसकट घातलं. एक्याऐंशी ते एकशे वीस आठवड्यात पाठवते.

नजीबा

*

रदेयेफ, २ मे १९८३

मामा,

कॉलेजचा नकार आला.

त्यांनी लिहिलंय, की माझा निबंध त्यांना फार आवडला, तोंडी परीक्षेला बोलावणारही होते. पण नऊ वर्षं शिकवणाऱ्या शिक्षकानंच जिला शंभरात साठ दिले, तिला घेता येणार नाही. त्यांच्याकडे ऐंशीच्या खाली विचारच करत नाहीत. बारा म्हणजे त्यांना साठ वाटले, मामा! तिकडे शंभरात नव्वद-पंचाण्णव सर्रास देतात. साठ म्हणजे ढकलत ढकलत पास झालेली पोर. आपण दोघांनी केवढ्या हौसेनं तो आकडा पाठवला, आणि गल्लीत मसफूफ वाटला.

शेवटी एक ओळ आहे. गुणांबद्दल काही खुलासा असेल तर शिक्षकानं स्वतःच्या सहीनं तीस जूनच्या आत कळवावा. माझा खुलासा चालणार नाही. तुमच्या चार ओळी पुरतील. इथे दहाला पास असतं, बारा तुम्ही आयुष्यात पाच जणांना दिलेत, एवढंच. मामा, मी तुमच्या पाया पडते.

नजीबा

*

स्फाक्स, ११ मे १९८३

नजीबा,

सालिहा ते पत्र वाचताना हुंदके देत होती. तिला सांगितलं, आधी वाचून घे, मग रड, मला विरामचिन्हं कळत नाहीत.

कुठल्याशा परदेशी कारकुनाला वीसपैकी बारा वाचता येत नाहीत, यात माझा काय दोष? दिलेल्या गुणांचा खुलासा करणं म्हणजे बाजारात भाव पाडून मागण्यासारखं आहे. मी ते कधी केलं नाही. आमदाराच्या पोरासाठी केलं नाही.

तरी तू माझ्या बहिणीची, नफीसाची मुलगी आहेस. लिहीन. पण आधी काम. छापखान्यातल्या सी खमैसकडून पहिली प्रुफं निघाली आहेत, दोनशे बारा पानं. तो खिळे जुळवतो ते अक्षराचा आकार बघून, त्याला इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही, तेव्हा चुका मुंग्यांसारख्या असतील. प्रुफं तपासून आली की तुझं पत्र जाईल. आधी नाही. माणूस कामात असला की हळवेपणा करत नाही, हा माझा अनुभव आहे.

शा. का.

*

रदेयेफ, २९ मे १९८३

मामा,

दोनशे बाराही पानं सोबत आहेत. शाळा सुटली की वर्गातच बसत होते, शिपाई येऊन दार वाजवेपर्यंत. चारशे अकरा चुका निघाल्या. सी खमैसनी दोन ठिकाणी मिस्टर ब्राउनच्या जागी मिसेस ब्राउन केलंय आणि एके ठिकाणी दोघांनाही गाळलंय.

आता तुमची पाळी. एक महिना उरलाय. चार ओळींचा मसुदा फ्रेंचमध्ये करून ठेवलाय, लेला सालिहांनी उतरवून घ्यावा आणि तुम्ही सही करावी. पाकिटावर पत्ता घातलाय, तिकीट लावलंय. तुम्हाला फक्त बोट टेकवायचं आहे.

बाबांचा खोकला वाढलाय. ते म्हणतात, मामा शब्दाचा पक्का माणूस आहे. तुम्ही त्यांना कधी उंबऱ्यात घेतलं नाहीत, तरी ते असं म्हणतात.

नजीबा

*

स्फाक्स, ७ जून १९८३

नजीबा,

प्रुफं पोहोचली. चारशे अकरा हा आकडा मला पटत नाही, पण असो.

तुझं पत्र सोमवारी टपालात टाकलं. झालं समाधान? आता त्याचं नाव काढू नकोस.

पुढचं ऐक. शेवटची प्रुफं खमैस थेट तुलाच पाठवील, माझ्याकडे पाठवून उपयोग नाही. तू ‘छापा’ म्हटलंस की तो छापेल. नजीबाचा शब्द तो माझा शब्द, असं मी त्याला बजावून सांगितलंय. हे पुस्तक झालं की क्रियापदांचं घेऊ. दोन वर्षं तरी लागतील. मी मनात सगळं जुळवून ठेवलंय, डोळे तेवढे हवेत.

शादली काम्मून

पोरी, यापुढचं मी माझं लिहिते आहे. ते समोरच बसलेत पण त्यांना दिसत नाही. तुझं पत्र गेलेलं नाही. तुझं पाकीट तिकिटासकट त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. मी दोनदा आठवण केली, तर म्हणाले, ती गेली तर क्रियापदं कोण करणार? त्यांच्या सहीशिवाय मी काय पाठवू? माझं नाव घेऊ नकोस गं. मला याच भिंतीला भिंत लावून राहायचंय. — सालिहा

*

रदेयेफ, १२ जून १९८३

मामा,

पत्र टाकलंत हे वाचून जीव भांड्यात पडला. एकच विनंती. आपल्या टपालाचा भरवसा नाही. तेच पत्र आणखी एकदा रजिस्टर्ड करून पाठवाल का? दोन पोहोचली तर बिघडणार नाही. एकही पोहोचलं नाही तर माझं सगळंच बिघडेल.

क्रियापदांची काळजी करू नका. स्कॉटलंडमधूनही मी जोड्या पाठवीन, दर आठवड्याला पाठवीन. मी तुम्हाला सोडून जात नाहीये, मामा, मी रदेयेफ सोडतेय. हे एकदा सावकाश वाचून घ्या.

नजीबा

*

स्फाक्स, २० जून १९८३

नजीबा,

एकदा टाकलेलं पत्र दुसऱ्यांदा टाकायला मी काय विसराळू म्हातारा आहे?

स्कॉटलंडमधून कुणी जोड्या पाठवत नसतं. तिकडे गेलेली माणसं ईदला एक कार्ड पाठवतात, त्यावर मेंढीचं चित्र असतं. धीर धर, प्रुफांची वाट बघ.

शा. का.

*

रदेयेफ, ८ जुलै १९८३

आदरणीय मामा,

कॉलेजनं फाईल बंद केल्याचं कळवलं. तुमचं पत्र त्यांना मिळालं नाही. टपालात गहाळ झालं असणार, दुसरं काय? मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही नऊ वर्षं शिकवलंत, ते कुठे गहाळ होणार आहे?

मी ठीक आहे. इथलीच शाळा, इथलीच पोरं. आईनं माझी बॅग पुन्हा माळ्यावर टाकली. तुमच्या तब्येतीची काळजी वाटते. साखर सांभाळा, जेवण वेळेवर घ्या, लेला सालिहांना त्रास देऊ नका.

शेवटची प्रुफं आली आहेत. एकेक ओळ जातीनं बघते आहे. मामा, या पुस्तकावर मी इतकी मेहनत घेतलीय, की स्फाक्समधला एकही इंग्रजीचा मास्तर तुमचं नाव विसरणार नाही.

तुमची नम्र भाची,
नजीबा

*

रदेयेफ, ९ जुलै १९८३

सी खमैस यांना सलाम.

शेवटची प्रुफं रजिस्टर्डनं परत पाठवली आहेत. पुस्तक छापा.

फक्त एक दुरुस्ती आहे, ती लक्षपूर्वक करावी. प्रत्येक शब्दाखाली आपण दोन रकाने केले आहेत, डावीकडे ‘खरा अर्थ’ आणि उजवीकडे ‘चुकीचा अर्थ’. चाळीस शब्दांत हे दोन्ही उलटे बसले आहेत. ते शब्द मी लाल पेन्सिलीनं गोल केले आहेत. तेवढ्यांत डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे करावं.

उदाहरणार्थ, ‘लायब्ररी’चा खरा अर्थ ‘पुस्तकं विकण्याचं दुकान’ असा हवा. ‘लेक्चर’चा ‘वाचन’. ‘फोटोग्राफ’चा ‘फोटो काढणारा माणूस’. ‘कॉलेज’चा ‘बारा वर्षांच्या मुलांची शाळा’. ‘पेट्रोल’चा ‘जमिनीतून निघणारं कच्चं तेल’. बाकीचे याच पद्धतीनं. वाक्यंही अर्थाप्रमाणे बदलून दिली आहेत.

मामांना हे विचारायला जाऊ नये. त्यांनीच सगळं माझ्यावर सोपवलंय हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि या वयात आपल्या पुस्तकात चाळीस चुका होत्या हे ऐकून त्यांना त्रास होईल. मजुरांना घाई करू देऊ नका. काम नीट व्हावं एवढीच इच्छा.

आपली,
नजीबा ताहर बूझियान

*

स्फाक्स, १७ ऑक्टोबर १९८३

माझी नजीबा,

आज हे पत्र मी घाईघाईनं सांगतोय. सालिहा म्हणते, सावकाश सांगा.

पुस्तक आलं. शंभर प्रती घरात आहेत आणि सगळ्या घराला शाईचा वास येतोय. पहिली प्रत मी तासभर मांडीवर घेऊन बसलो होतो. तेराशे प्रती लिसेंनी मागवल्यात, त्या या आठवड्यात जातील.

आता जे सांगतो ते ऐकून तू मला काय म्हणायचं ते म्हण. तुझं पत्र मी टाकलंच नव्हतं. टपालाचा दोष नव्हता. ते कोटाच्या खिशात होतं. तू गेलीस तर मी आंधळा आणि एकटा, असा हिशेब करून मी ते दाबून ठेवलं. मी नीचपणा केला, पोरी. नफीसाच्या बाबतीत केला तो अभिमानापोटी केला, निदान असं मी स्वतःला सांगत आलो. हा मात्र निव्वळ स्वार्थानं केला. मी आपणहून थांबलो असतो असंही नाही. पण तुझं ते जुलैचं पत्र आलं. फाईल बंद झाली होती आणि तू मला विचारत होतीस की जेवण वेळेवर घेता का. एक शब्द लावून बोलली नाहीस. सालिहानं ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी मी तिला म्हटलं, बस, कागद घे.

त्याच दिवशी मी कॉलेजच्या प्राचार्यबाईंना लिहिलं. सगळं खरं लिहिलं, माझी लबाडीही लिहिली. बारा म्हणजे काय तेही लिहिलं. तुला कळवलं नाही, कारण पुन्हा नकार आला असता तर तुला दोनदा मारल्यासारखं झालं असतं. सप्टेंबरात बाईंचं उत्तर आलं. फार सज्जन बाई आहे. म्हणाली, चूक शिक्षकाची आहे, तेव्हा वयाची अट आम्ही बाजूला ठेवू आणि जानेवारीच्या तुकडीत तिला घेऊ. फक्त गुणांवर आता विश्वास कसा ठेवायचा? तिच्या हातचं इंग्रजीचं एखादं काम दाखवा, म्हणजे पुरे.

मी आनंदानं उठून उभा राहिलो, सालिहानं धरलं म्हणून पडलो नाही. त्याच संध्याकाळी खमैसकडे गेलो. पहिलं पान अजून छापायचं होतं. त्यावर तुझं नाव घालायला सांगितलं, माझ्या नावाखाली, माझ्या नावाइतक्याच मोठ्या खिळ्यांत. ‘यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ नजीबा ताहर बूझियान यांनी तपासला आहे.’ तुझ्या वडिलांचंही नाव माझ्या पुस्तकात आलं, हे त्यांना सांग.

तीन प्रती गेल्या सोमवारी विमानाच्या टपालानं स्कॉटलंडला गेल्या. या वेळी मी स्वतः पोस्टात उभा होतो आणि पावती माझ्या हातात आहे. बाईंना लिहिलंय, की नजीबाला गुण देण्याची माझी लायकी नाही, हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि तुम्हीच ठरवा. त्यांची तीन माणसं मिळून वाचणार आहेत. एक जण फ्रेंच जाणणारा आहे, म्हणजे सगळं बारकाईनं बघितलं जाईल.

आता निश्चिंत राहा. आईला बॅग माळ्यावरून काढायला सांग. आणि एक जाड कोट शिवायला टाक, जानेवारीत तिकडे थंडी फार असते म्हणतात.

तुझा मामा,
शादली